युरोपातील जपानी घर आणि मायदेशाची फेरी : कागदपत्रे, मुदती आणि हक्क

जपानी जोडीदाराबरोबर युरोपात संसार थाटलेल्या, जपानी कंपनीच्या युरोपीय शाखेत नोकरी करणाऱ्या किंवा घरात जपानी सून अथवा जावई असलेल्या मराठी वाचकांना काही प्रश्न वारंवार पडतात. जर्मनीत राहणाऱ्या जपानी माणसाला सुट्टीत ओसाकाला गेल्यावर तेथील सरकारी आरोग्य विमा मिळतो का, त्याने जर्मन नागरिकत्व घेतले तर जपानी पासपोर्ट शिल्लक राहतो का, बाळाची नोंद कोठे आणि किती दिवसांत करावी लागते, आणि जपानी पासपोर्ट हातात असताना दुकानदार करमुक्त खरेदी का नाकारतो, असे हे प्रश्न आहेत. त्यांची परस्परविरोधी उत्तरे कानावर येतात, कारण उत्तर देणारा बहुधा स्वतःच्या बाबतीत जे घडले तेच नियम म्हणून सांगतो आणि जपानमध्ये प्रत्येक नागरिकाच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात, त्यांपैकी एक परदेशी गेल्यावर बंद होते व दुसरी चालू राहते, ही मूळ गोष्ट विसरतो.

प्रस्तुत लेखात मुख्यतः जर्मनीचे उदाहरण घेतले आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या ड्युसेलडॉर्फ शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी व्यापारी कंपन्यांनी कार्यालये थाटली आणि तेथे युरोपातील एक मोठी जपानी वसाहत उभी राहिली. इमरमान श्ट्रासे या रस्त्यावरील जपानी दुकाने, १९७१ मध्ये सुरू झालेली जपानी शाळा, बौद्ध मंदिर आणि जपानचा वाणिज्य दूतावास हे सारे एका शहरात असल्यामुळे नियम आणि व्यवहार यांची गाठ कोठे पडते हे तेथे स्पष्ट दिसते. अन्य युरोपीय देशांत जपानी बाजूचे नियम तेच राहतात, स्थानिक बाजूचे मात्र बदलतात.

दोन नोंदी : कोसेकी आणि ज्यूमिनह्यो

कोसेकी म्हणजे कुटुंबनोंदवही. जन्म, विवाह, घटस्फोट, दत्तक, मृत्यू आणि नागरिकत्व यांची नोंद तीत होते, ती ज्या गावी ठेवली असेल त्या स्थानाला 'होनसेकी' म्हणतात आणि माणूस जगाच्या पाठीवर कोठेही राहत असला तरी ती नोंद तशीच राहते. ज्यूमिनह्यो म्हणजे रहिवासाची नोंद. ती प्रत्यक्ष राहत्या पत्त्याच्या नगर कार्यालयात असते, आणि सरकारी आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची सक्तीची वर्गणी, रहिवासी कर व नोंदणीकृत शिक्का या साऱ्या गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. एक वर्षाहून अधिक काळासाठी देश सोडणाऱ्याने परदेशी स्थलांतराची सूचना दिली की ही दुसरी नोंद बंद होते. त्यामुळे एखादा हक्क आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर तो हक्क नागरिक असण्याशी जोडलेला आहे की जपानमध्ये राहण्याशी, हे आपण आधी पाहावे. निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

परदेशी जोडीदाराची स्वतंत्र कोसेकी नसते, त्याचे नाव जपानी जोडीदाराच्या कोसेकीतील विवाहाच्या नोंदीत येते. मराठी जोडीदाराने यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, मात्र युरोपात विवाह झाला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत जपानी बाजूस कळवणे बंधनकारक आहे. जपानी जोडीदाराला परदेशी जोडीदाराचे आडनाव लावायचे असल्यास विवाहापासून सहा महिन्यांपर्यंत ते साध्या सूचनेने होते, त्यानंतर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते.

जपान सोडण्यापूर्वी

स्थलांतराची सूचना निघण्याच्या १४ दिवस आधीपासून देता येते. ती देताना पुढील बाबी एकाच फेरीत उरकलेल्या बऱ्या :

- रहिवासी कर. ज्या नगराच्या नोंदीत माणूस १ जानेवारीला असतो, ते नगर मागील वर्षाच्या उत्पन्नावर कर आकारते. डिसेंबरअखेर निघायचे की जानेवारीत, याचा निर्णय घेताना हे ध्यानात असावे.
- माय नंबर कार्ड. पूर्वी देश सोडताच हे ओळखपत्र निकामी होत असे. २७ मे २०२४ पासून जपानी नागरिकांना ते परदेशातही चालू ठेवता येते, पण त्यासाठी निघण्यापूर्वी नगर कार्यालयात तशी प्रक्रिया करावी लागते.
- निवृत्तिवेतन. सक्तीची वर्गणी थांबते, तरी परदेशस्थ जपानी नागरिकाला ६५ वर्षे वयापर्यंत ती स्वेच्छेने भरता येते. न भरल्यास २० ते ६० या वयातील परदेशातील काळ पात्रतेच्या किमान दहा वर्षांत धरला जातो, परंतु त्या काळाची रक्कम मिळत नाही. पात्रता आणि रक्कम यांतील हा फरक अनेकांना साठीला पोहोचल्यावरच कळतो.
- बँक. अनेक जपानी बँका अनिवासी ग्राहकांच्या सेवा मर्यादित करतात किंवा खाते बंद करण्यास सांगतात. शिवाय व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक जपानी मोबाइलवरच येत असेल, तर तो क्रमांक बंद करताच खाते असूनही हाताशी राहत नाही. बँकेशी बोलणे आधी व्हावे, दूरध्वनीचा करार त्यानंतर मोडावा.
- मतदार नोंदणी. परदेशस्थ मतदारांच्या यादीसाठीचा अर्ज २०१८ पासून स्थलांतराच्या वेळी नगर कार्यालयातच करता येतो.

जर्मनीत पोहोचल्यावर

जपानी नागरिकाला व्हिसाविना जर्मनीत प्रवेश करून तेथेच वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सवलत मोजक्याच देशांना आहे आणि भारतीय नागरिकांना ती नाही, त्यामुळे जोडप्यातील एकाने विमान पकडावे आणि दुसऱ्याने व्हिसाच्या रांगेत थांबावे, असा प्रसंग मिश्र कुटुंबांत येतो. आपण भारतीय पासपोर्ट धारण करत असाल तर जोडीदाराचा नियम स्वतःला लावून तिकीट काढू नये. व्हिसाविना प्रवेश झाला म्हणून नोकरीची मुभा मिळते, असेही जपानी जोडीदाराने समजू नये, कारण ती परवाना हाती आल्यावरच मिळते.

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, जिला जर्मनीत 'आनमेल्डुंग' म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले पुष्टिपत्र आवश्यक असते आणि ते देण्यास मालक कायद्याने बांधील असतो. या नोंदीचा कागद जपून ठेवावा, कारण जपानी वाणिज्य दूतावासही पत्त्याचा पुरावा म्हणून तोच मागतो.

जपानी बाजूने, तीन महिन्यांहून अधिक काळ परदेशात राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाने 'झायर्यू तोदोके' म्हणजे वास्तव्याची सूचना दूतावासाकडे देणे पासपोर्टविषयक कायद्यानुसार बंधनकारक आहे. ती ऑनलाइन देता येते. आपत्तीच्या वेळी दूतावास याच यादीवरून लोकांना शोधतो, शिवाय पुढे अनेक सवलतींसाठी हीच सूचना पुरावा ठरते, म्हणून पत्ता बदलल्यावर ती अद्ययावत करण्याचा आळस करू नये.

वाहन परवान्याबाबत मुदत सहा महिन्यांची आहे. तेवढ्या काळात जपानी परवाना जर्मनीत चालतो, त्यानंतर तो जर्मन परवान्यात बदलून घ्यावा लागतो आणि जपानी परवानाधारकाला त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही.

कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी जपान आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार महत्त्वाचा ठरतो. २००० मध्ये अमलात आलेला हा जपानचा अशा स्वरूपाचा पहिला करार असून, पाच वर्षांपर्यंतच्या नियुक्तीत निवृत्तिवेतनाची वर्गणी केवळ जपानमध्ये भरण्याची आणि पात्रतेसाठी दोन्ही देशांतील वर्षे जोडण्याची सोय त्यात आहे. ब्रिटन आणि इटली यांच्याशी झालेल्या करारांत मात्र वर्षे जोडण्याची तरतूद नाही, म्हणून जर्मनीतून लंडनला बदली होऊन जाणाऱ्याने जर्मनीचा नियम बरोबर नेऊ नये.

नागरिकत्व : परत न फिरवता येणारी चूक

या लेखातील सर्वांत गंभीर विषय हा आहे. २७ जून २०२४ पासून जर्मनीने बहुनागरिकत्वास मुभा दिली आणि नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ सर्वसाधारणपणे पाच वर्षांवर आणला. जर्मनी आता जुने नागरिकत्व सोडण्यास सांगत नाही, एवढे वाचून अनेक जपानी रहिवाशांची अशी समजूत झाली की दोन्ही पासपोर्ट बाळगता येतील. ही समजूत चुकीची आहे. जपानच्या नागरिकत्व कायद्याच्या ११व्या कलमानुसार जो नागरिक स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व मिळवतो, त्याचे जपानी नागरिकत्व त्याच क्षणी आपोआप संपते. त्यासाठी कोणताही आदेश निघत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही, आणि पासपोर्टवरील मुदत शिल्लक असली तरी तो पासपोर्ट वैध राहत नाही. जुना पासपोर्ट वापरत राहणे हा गुन्हा ठरतो, हेही लक्षात घ्यावे.

या कलमाला युरोपात राहणाऱ्या मूळच्या जपानी व्यक्तींनी आव्हान दिले होते. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. हा नियम आजच्या काळाशी विसंगत आहे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे, तथापि तो बदलेल या आशेवर आज अर्ज करणे शहाणपणाचे नाही.

विवाहामुळे आपोआप मिळालेले आणि अर्ज करून मिळवलेले नागरिकत्व यांत कायदा भेद करतो. जर्मन व्यक्तीशी केवळ विवाह केल्याने नागरिकत्व मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावाच लागतो आणि अर्ज म्हणजे स्वेच्छा. निर्णयापूर्वी पुढील पर्याय तोलून पाहावेत :

- स्थायी वास्तव्य परवाना. जर्मनीतील 'नीडरलासुंग्स-एरलाउबनिस' या परवान्याने नोकरी, व्यवसाय आणि मुक्काम यांची अनिश्चित काळासाठी मुभा मिळते. मतदान आणि जर्मन पासपोर्ट एवढेच त्यात नसते. बहुतेक जपानी कुटुंबांना हा पर्याय पुरेसा ठरतो, असे म्हणता येते.
- युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्य परवाना. संघातील अन्य देशांत पुढे राहायला जाण्याची शक्यता असेल, तर हा अधिक सोयीचा असतो.
- जर्मन नागरिकत्व. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी किंवा उतारवयात जपानमध्ये परतण्याची शक्यता असेल, तर हा पर्याय सर्वांत शेवटी ठेवावा. गमावलेले नागरिकत्व परत मिळवण्यासाठी जपानमध्ये राहून परदेशी माणसाप्रमाणे अर्ज करावा लागतो.

मूल जन्मल्यावर

युरोपात जन्मलेल्या मुलाची नोंद जपानी दूतावासात किंवा होनसेकीच्या नगर कार्यालयात तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते आणि या मुदतीत जन्मदिवसही धरला जातो, म्हणजे १० ऑक्टोबरला जन्मलेल्या बाळासाठी शेवटचा दिवस ९ जानेवारी असतो. मुलाला जन्मतःच दुसरे नागरिकत्वही मिळत असेल, तर त्याच अर्जात 'जपानी नागरिकत्व राखून ठेवण्याचा' मजकूर आणि सही आवश्यक असते. ती राहून गेली तर मुलाचे जपानी नागरिकत्व जन्मापासूनच नव्हते, असे मानले जाते. दोघेही पालक जपानी आहेत म्हणून हा प्रश्नच येत नाही, हा समज धोक्याचा आहे, कारण पालकांपैकी एकाने जर्मनीत पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केले असेल आणि त्याच्याकडे कायम राहण्याचा हक्क असेल, तर तेथे जन्मलेल्या मुलाला जर्मन नागरिकत्व आपोआप मिळते.

मुदत चुकलीच तर १८ वर्षांखालील मुलाला जपानमध्ये पत्ता करून, म्हणजे तेथे खरोखर राहून, सूचनेने नागरिकत्व मिळवता येते. उन्हाळी सुट्टीपुरते जाऊन हे साधत नाही.

मराठी पालक असलेल्या घरांत तिसरा देशही येतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवे असल्यास एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी लागते आणि मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. जपानी पासपोर्ट आधीच काढला असेल तर हे विधान करता येत नाही. अशा मुलासाठी 'ओसीआय' कार्डाचा मार्ग उरतो, जे नागरिकत्व नसून भारतात येण्याजाण्याची व राहण्याची दीर्घकालीन सवलत आहे. कोणता पासपोर्ट आधी काढायचा, याचा विचार म्हणूनच बाळ येण्याआधी झालेला बरा.

जन्मतः दोन नागरिकत्वे असलेल्या मुलाने वयाच्या २० वर्षांपर्यंत त्यांतून निवड करावी, असे जपानी कायदा सांगतो. २०२२ पूर्वी ही मर्यादा २२ होती आणि जुनी माहितीपत्रके अजूनही हाती पडतात.

स्वयंपाकघर आणि घरून येणारी पार्सले

रोजच्या जेवणाची व्यवस्था वाटते तितकी अवघड नाही. इटलीत पिकवलेला आखूड दाण्याचा तांदूळ युरोपभर मिळतो, आणि जर्मनीत दुधातल्या खिरीसाठी विकला जाणारा 'मिल्शराइस' नावाचा स्वस्त तांदूळ नीट धुऊन, भिजवून शिजवला तर जपानी जेवणाला चालतो, हे तेथील जपानी गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खरी अडचण पाण्याची असते. मध्य युरोपातील बहुतेक शहरांचे पाणी जड असल्याने समुद्री शेवाळ आणि सुकवलेला मासा यांपासून काढलेल्या 'दाशी' या सारात चव उतरत नाही, म्हणून त्यापुरते मृदू पाण्याची बाटली घेण्याचा प्रघात आहे. जपानहून आणलेला भात शिजवण्याचा कुकर १०० व्होल्टचा असतो. तो २३० व्होल्टच्या युरोपीय वीजजोडणीला लावला तर जळतो आणि त्याला पुरेल असे रोहित्र जड व महाग पडते, त्यामुळे परदेशी वापरासाठीचा कुकर घेणेच किफायतशीर ठरते.

पार्सलांबाबत युरोपीय संघाचा नियम असा आहे की खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत सीमाशुल्कातून आणि करातून मुक्त असते. त्याहून अधिक किमतीच्या पार्सलासाठी टपाल खाते शुल्क मागते किंवा ते सोडवून घेण्यास सीमाशुल्क कार्यालयात बोलावते. आजीने आतल्या वस्तूंची यादी आणि किंमत नेमकी लिहावी, केवळ 'खाऊ' असे लिहिल्यास पार्सल अडकते. मांसाचा किंवा दुधाचा अंश असलेले पदार्थ संघाबाहेरून आणण्यास बंदी असल्याने मांसाचा अर्क असलेल्या झटपट शेवया आणि करीचे ठोकळे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. सुका मासा प्रवाशाने वैयक्तिक वापरासाठी बरोबर आणल्यास मासळीची २० किलोंची मर्यादा लागू होते, जी कोणत्याही घराला पुरून उरावी.

मायदेशी जाताना : सामान, औषधे, विमा

रशियाचे हवाई क्षेत्र २०२२ पासून बहुतेक युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्याने आणि जपानी कंपन्याही ते टाळत असल्याने हा प्रवास लांबला आहे, त्यामुळे पोहोचल्या दिवशीच कार्यालयांची कामे ठेवू नयेत. सामान भरताना पुढील चुका टाळाव्यात :

- सॉसेज, हॅम, सालामी. जर्मनीची भेट म्हणून नेण्याचा मोह होतो, पण तपासणी दाखल्याविना मांसजन्य पदार्थ जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, मग ते निर्वात पाकिटात असोत किंवा विमानतळावरील दुकानातले असोत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड अशी आहे. चॉकलेट आणि वैयक्तिक वापरापुरते चीज चालते.
- औषधे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्याच्या वापरापुरती नेता येतात, त्याहून अधिक असल्यास 'युन्यू काकुनिन-शो' हा आयात पुष्टीचा दाखला आधी मिळवावा लागतो. ॲम्फेटामिन असलेली औषधे डॉक्टरांचे पत्र असले तरी नेता येत नाहीत, आणि काही तीव्र वेदनाशामकांना वेगळी पूर्वपरवानगी लागते.
- वाहन चालवणे. जर्मनीत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालत नाही, कारण दोन्ही देश रस्ते वाहतुकीच्या वेगवेगळ्या करारांत आहेत. जर्मन परवान्याबरोबर त्याचे अधिकृत जपानी भाषांतर ठेवावे. फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथील परवान्यांनाही हीच सोय आहे.

आरोग्य विम्याबाबत भ्रम सर्वाधिक आढळतो. ज्यूमिनह्यो बंद असलेल्या जपानी नागरिकाला मायदेशातील सरकारी आरोग्य विमा मिळत नाही आणि जर्मनीचा सार्वजनिक आरोग्य विमाही जपानमधील उपचारांचा खर्च देत नाही. दोन्ही देशांतील करार निवृत्तिवेतनापुरता आहे. प्रवासी आरोग्य विमा काढणे हाच साधा उपाय होय. काही जण सुट्टीपुरती रहिवासाची नोंद पुन्हा करून विमा मिळवण्याचा प्रयत्न करतात, परंतु राहण्याचे केंद्र खरोखर बदलत नसेल तर नगर कार्यालय ती नाकारू शकते आणि स्वीकारलीच तर निवृत्तिवेतनाची वर्गणीही मागे लागते.

भारतीय पासपोर्ट असलेल्या जोडीदाराला जपानचा व्हिसा स्वतंत्रपणे काढावा लागतो, जर्मनीच्या वास्तव्य परवान्याने त्यातून सूट मिळत नाही. अर्ज राहत्या भागातील जपानी दूतावासात करावा.

जपानमध्ये असताना उरकण्याची कामे

१ मार्च २०२४ पासून कोसेकीचा उतारा होनसेकी सोडून अन्य कोणत्याही नगर कार्यालयातही मिळू लागला आहे, पण त्यासाठी स्वतः ओळखपत्रासह हजर राहावे लागते. भावंडांच्या कोसेकीला आणि पत्त्यांचा इतिहास दाखवणाऱ्या 'फुह्यो' या जोडपत्रकाला ही सोय लागू नाही. जर्मन कार्यालयात दाखल करायच्या उताऱ्यावर 'अपोस्टिल' ही आंतरराष्ट्रीय प्रमाणनाची मोहोर लागत असेल, तर ती जपानमधील परराष्ट्र मंत्रालयाकडूनच घ्यावी, परदेशातील दूतावास ती देत नाही.

जपानी वाहन परवाना कायम ठेवायचा असल्यास मुदत संपण्यापूर्वीच्या फेरीत तो आगाऊ नूतनित करता येतो. परदेशवास्तव्यामुळे मुदत उलटली असेल, तर तीन वर्षांच्या आत आणि मायदेशी आल्यापासून एका महिन्यात अर्ज केल्यास परीक्षा माफ होते. पासपोर्टबाबत मात्र ऐनवेळची घाई उपयोगाची नाही. मार्च २०२५ पासून नव्या रचनेचे पासपोर्ट जपानमध्ये एकाच ठिकाणी छापले जात असल्याने परदेशात अर्ज केल्यावर ते हाती येण्यास पूर्वीपेक्षा अधिक दिवस लागतात.

करमुक्त खरेदी आणि रेल्वे पास

दुकानदाराने करमुक्त खरेदी नाकारण्यामागे बहुधा कागदाची उणीव असते. एप्रिल २०२३ पासून जपानी नागरिकाला ही सवलत हवी असल्यास सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ परदेशात राहत असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यासाठी दूतावासाचा वास्तव्याचा दाखला किंवा फुह्योची प्रत चालते. तो कागद जपानप्रवेशाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांहून जुना नसावा, आणि वास्तव्याच्या दाखल्यावर होनसेकी क्रमांकासह पूर्ण लिहिलेले असावे, हे अर्ज करतानाच सांगावे लागते. दुसरी उणीव अधिक क्षुल्लक आणि म्हणून अधिक चीड आणणारी असते : विमानतळावरील स्वयंचलित दारातून आत गेल्यास पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का उमटत नाही आणि शिक्क्याविना सवलत मिळत नाही. दार ओलांडल्यावर लगेच तेथील कर्मचाऱ्याकडून शिक्का मागून घ्यावा. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर वजा होण्याऐवजी आधी पूर्ण किंमत भरून देश सोडताना परतावा घेण्याची पद्धत ठरली आहे.

परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास जपानी नागरिकाला केवळ दहा वर्षांच्या सलग परदेशवास्तव्याच्या पुराव्यावर मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ५०,००० येन झाल्यापासून एकाच शहरात आईवडिलांकडे राहणाऱ्यांना तो क्वचितच परवडतो.

मुक्काम लांबला तर

आईवडिलांचे आजारपण उद्भवले की तीन आठवड्यांची फेरी सात महिन्यांची होते आणि अशा वेळी जर्मन परवान्याची आठवण कोणालाच राहत नाही. जर्मन कायद्यानुसार सहा महिन्यांत परत न आल्यास वास्तव्य परवाना आपोआप संपतो आणि स्थायी परवानाही यातून सुटत नाही, मात्र पंधरा वर्षे कायदेशीर वास्तव्य व स्थिर उत्पन्न असणाऱ्यांना अपवाद आहे. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) आणि युरोपीय संघाचा दीर्घकालीन परवाना यांना बारा महिन्यांची सवलत मिळते. परत येण्यास उशीर होणार असे दिसताच परदेशी नागरिक कार्यालयाकडे मुदतवाढ लेखी मागावी, कारण ती सहा महिने उलटण्यापूर्वीच देता येते.

वारसा आणि स्वाक्षरीचा दाखला

मायदेशी आईवडिलांपैकी कोणाचा मृत्यू झाल्यावर वारसांना वाटणीच्या करारावर नोंदणीकृत शिक्का उमटवावा लागतो आणि परदेशस्थ वारसाकडे तो नसतो, कारण ज्यूमिनह्योबरोबर शिक्क्याची नोंदही संपलेली असते. त्याऐवजी दूतावासाकडून स्वाक्षरीचा दाखला आणि वास्तव्याचा दाखला घ्यावा. स्वाक्षरी अधिकाऱ्यासमोरच करावी लागते, म्हणून भावंडांनी पाठवलेल्या करारावर घरी सही करून जाऊ नये. सही झालेला कागद दूतावास प्रमाणित करत नाही आणि नवा कागद जपानहून मागवावा लागतो.

एप्रिल २०२४ पासून वारशाने मिळालेल्या स्थावर मालमत्तेची नोंद तीन वर्षांच्या आत करणे सक्तीचे झाले असून विनाकारण टाळल्यास एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. खेड्यातले ओस घर किंवा कर्ज नको असेल तर वारसा नाकारता येतो, परंतु त्यासाठी वारसा आल्याचे कळल्यापासून केवळ तीन महिने मिळतात. परदेशात राहत असल्याने तेवढ्यात हिशेब लागणार नसेल, तर कौटुंबिक न्यायालयाकडे मुदतवाढ मागता येते आणि तो अर्जही त्या तीन महिन्यांच्या आतच करावा लागतो.